जुनी स्विफ्ट काढून नवी घ्यावी का?

छोटी गाडीसुद्धा चालवायला मजेदार असू शकते, हे अनेक मराठी घरांना मे २००५ मध्ये स्विफ्ट आली तेव्हा कळलं. ऑगस्ट २०११ मध्ये तिची दुसरी पिढी आली, फेब्रुवारी २०१८ मध्ये तिसरी आणि ९ मे २०२४ ला चौथी. दुसऱ्या पिढीच्या गाड्या आजही गावोगावी ठणठणीत धावताहेत. त्यांचे मालक आता शोरूमच्या चकरा मारू लागले आहेत, आणि सोसायटीच्या पार्किंगपासून गॅरेजपर्यंत प्रत्येकाकडे त्यांच्यासाठी एक सल्ला तयार आहे. त्यातले बरेच सल्ले ऐकीव आहेत. माझं मत आधीच सांगतो: गाडी बदलायची तर सुरक्षिततेसाठी बदला. ताकद वाढेल किंवा पेट्रोल वाचेल या आशेवर सात-आठ लाख घालू नका.

«तीन सिलिंडर म्हणजे अर्धवट इंजिन»

नव्या गाडीवरचा सगळ्यात मोठा आक्षेप हाच. जुन्या पेट्रोल स्विफ्टमध्ये चार सिलिंडर होते, चौथ्या पिढीत तीन आहेत, म्हणून कंपनीने इंजिन कापून छोटं केलं असा समज झाला आहे. प्रत्यक्षात दोन्ही इंजिनं १,१९७ सीसीचीच आहेत. जुन्या के-सीरिज इंजिनात सिलिंडरचा व्यास ७३ मिलिमीटर आणि पिस्टनचा स्ट्रोक ७१.५ मिलिमीटर होता. नव्या झेड-सीरिज इंजिनात व्यास ७४ आणि स्ट्रोक ९२.८ आहे. म्हणजे सिलिंडर एक कमी झाला, पण उरलेले तीन चांगलेच उंच झाले. हलणारे भाग कमी झाले की घर्षण कमी होतं, आणि लांब स्ट्रोकच्या इंजिनात इंधनाचा जास्त उपयोग करून घेता येतो. हा बदल इंधन वाचवण्यासाठी आहे.

आयुष्याची काळजी असेल तर मारुती ८०० आठवा. डिसेंबर १९८३ पासून तीस वर्षं ती गाडी या देशाने चालवली, आणि तिचं ७९६ सीसीचं इंजिन तीन सिलिंडरचंच होतं. इंजिन किती टिकतं हे सिलिंडरच्या संख्येवर ठरत नाही. वेळच्या वेळी ऑईल बदललं का, कूलंट भरलेलं होतं का, यावर ठरतं.

तरीही ज्यांनी जुनं इंजिन मनापासून चालवलं आहे त्यांचं दुःख खोटं नाही. चार सिलिंडरच्या इंजिनात क्रँक अर्धा फिरला की एक स्फोट होतो. तीन सिलिंडरमध्ये तेच अंतर २४० अंशांचं असतं, शिवाय दोन टोकांचे पिस्टन एका तालात वर-खाली होत नसल्यामुळे इंजिन किंचित डोलतं. सिग्नलला एसी चालू ठेवून थांबलात की ती थरथर स्टिअरिंगवर आणि सीटवर जाणवते. ताकदही थोडी घटली आहे: तिसऱ्या पिढीच्या शेवटच्या इंजिनाची सुमारे ९० पीएस होती, नव्याची सुमारे ८२ पीएस. टॉर्क ११३ वरून जवळपास ११२ न्यूटन मीटर, म्हणजे तिथे फरक नाहीच. शहरात दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये नवी गाडी छान उचलते. पण के-सीरिज इंजिन सहा हजार आरपीएमकडे ज्या खुशीने धावायचं, ती खुशी इथे नाही. ज्यांना तीच हवी आहे त्यांनी जुनी गाडी ठेवावी, असं मी कुणालाही सांगेन.

«डिझेलवाल्यांनी डोळे मिटून नवी घ्यावी»

इथे उलट थांबायला हवं. जुन्या डिझेल स्विफ्टचं १.३ लिटरचं इंजिन मूळचं फियाटचं. ताकद ७५ पीएस, म्हणजे कागदावर नव्या पेट्रोलपेक्षा कमी. पण टॉर्क १९० न्यूटन मीटर, तोही २,००० आरपीएमला. कशेडी किंवा आंबोलीचा घाट चार माणसं आणि सामान घेऊन चढताना डिझेल तिसऱ्या गिअरमध्ये जिथे सहज ओढते, तिथे नव्या पेट्रोलला दुसरा टाकावा लागतो. एप्रिल २०२० मध्ये प्रदूषणाचं बीएस-६ मानक लागू झालं आणि डिझेल स्विफ्ट बंद पडली. तिची जागा घेणारं इंजिन नव्या पिढीत नाही.

काही जण दिल्लीची बातमी वाचून घाबरतात. डिझेलला दहा आणि पेट्रोलला पंधरा वर्षांची ती मर्यादा दिल्ली आणि राष्ट्रीय राजधानी क्षेत्रापुरती आहे. महाराष्ट्रात खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते आणि गाडी तपासणीत पास झाली, पर्यावरण कर भरला, की ती पाच वर्षांसाठी वाढवून मिळते. एजंटने «आता ही भंगारातच जाणार» म्हणून भाव पाडायला सुरुवात केली, तर त्याला हे शांतपणे सांगा.

सीएनजीची स्विफ्ट सप्टेंबर २०२४ पासून मिळते. किलोला ३२.८५ किलोमीटरचा दावा आहे. त्या बदल्यात ताकद सुमारे ७० पीएसवर येते आणि डिकीची जागा टाकीला जाते. रोजचं जाणं-येणं मोठं असेल तर हिशेब बसतो. गाडी चालवण्याची हौस म्हणून घेणाऱ्याने मात्र आधी नीट फिरवून बघावी.

«ॲव्हरेजमध्येच पैसे वसूल होतात»

जाहिरातीत मॅन्युअलला लिटरमागे २४.८ किलोमीटर आणि एएमटीला २५.७५ किलोमीटर लिहिलेलं असतं. हे आकडे खोटे नाहीत, पण प्रयोगशाळेतल्या रोलरवर ठरलेल्या चक्राने मिळालेले आहेत. त्या चक्रात सिंहगड रोडची संध्याकाळ नसते. (एएमटीचा आकडा मॅन्युअलपेक्षा जास्त बघून चकित होऊ नका. गिअरबॉक्स तोच असतो, क्लच आणि गिअर यंत्र हलवतं, आणि ते यंत्र वरचा गिअर लवकर टाकतं.)

आपला हिशेब आपणच करावा. समजा जुनी पेट्रोल गाडी १५ देते, नवी १९ देईल आणि वर्षाला ८,००० किलोमीटर पळते. जुनीला सुमारे ५३३ लिटर लागतील, नवीला ४२१. वाचले ११२ लिटर. शंभर रुपये लिटर धरले तर वर्षाला अकरा हजारांच्या थोडं वर. नव्या गाडीच्या विम्याचा पहिल्या वर्षाचा हप्ताच यापेक्षा जास्त असू शकतो.

ई२० पेट्रोलचं, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलचं भयही याच हिशेबात तपासावं. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी असते, म्हणून ॲव्हरेज थोडं उतरणार. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालात, मुळात शुद्ध पेट्रोलसाठी बनवून ई१० साठी जुळवलेल्या चारचाकींमध्ये ही घट ६-७ टक्के धरली आहे. जुन्या गाडीत इंधनाच्या रबरी नळ्या आणि सील यांच्याकडे लक्ष ठेवा, सर्व्हिसिंगला गेल्यावर मुद्दाम दाखवून घ्या. तेवढ्यासाठी गाडी विकायची गरज नाही.

«पत्रा पातळ आहे, गाडी धोक्याची»

बोनेटवर अंगठा दाबून «पत्रा बघा किती पातळ» म्हणणारे मला प्रत्येक शोरूमबाहेर भेटतात. बाहेरचा पत्रा अपघातात माणसाला वाचवत नाही. वाचवतो तो आतला सांगाडा: छताला धरून ठेवणारे खांब, दाराखालचे उंबरे, दारातल्या आडव्या सळया. ते कोणत्या पोलादाचे आहेत आणि कसे जोडले आहेत हे अंगठ्याला कळत नाही. मात्र हलकी गाडी जड गाडीवर आदळली तर हलकीतल्या माणसांना जास्त झटका बसतो, हेही तितकंच खरं आहे.

म्हणून चाचण्यांकडे बघावं, आणि सगळ्याच चाचण्यांकडे. २०१४ मध्ये ग्लोबल एनकॅप या अपघात-चाचणी संस्थेने एअरबॅग नसलेली दुसऱ्या पिढीची स्विफ्ट आदळली, तिला शून्य तारे मिळाले. २०१८ मध्ये तिसऱ्या पिढीला दोन तारे मिळाले. २०२२ मध्ये नियम कडक झाल्यावर त्याच पिढीला एक. चौथ्या पिढीला जपानमध्ये चार, युरोपात तीन आणि ऑस्ट्रेलियात एक तारा मिळाला. या देशांतल्या गाड्यांची साधनं वेगळी आणि चाचण्यांचे नियमही वेगळे, त्यामुळे यातला एकच आकडा उचलून वाद घालणं बरोबर नाही. आणि नव्या डिझायरला २०२४ मध्ये मिळालेले पाच तारे डिझायरचेच आहेत. «प्लॅटफॉर्म एकच» म्हणून ते स्विफ्टच्या नावावर लावणाऱ्या विक्रेत्याला तिथेच थांबवा.

इतकं सगळं बघूनही मी नव्या गाडीच्या बाजूने का आहे, ते सांगतो. दुसऱ्या पिढीच्या स्वस्त प्रकारांत एअरबॅग नव्हती आणि एबीएसही नव्हतं. नव्या गाडीच्या सगळ्यात स्वस्त प्रकारातही सहा एअरबॅग आणि ईएसपी आहे. ईएसपी म्हणजे काय, हे पावसाळ्यात वरंध घाट उतरताना कळतं. डावं वळण आहे, रस्त्यावर चिखल वाहून आला आहे, तुम्ही स्टिअरिंग वळवता पण मागची चाकं बाहेर सरकू लागतात. गाडी कुठे वळायला हवी आणि कुठे वळते आहे याची सेन्सर तुलना करतात, बाहेरच्या बाजूच्या पुढच्या चाकाचा ब्रेक एकट्याने लावतात, इंजिनची ओढ कमी करतात आणि गाडी पुन्हा रेषेत येते. हे सगळं ड्रायव्हरला घाबरायला वेळ मिळण्याआधी घडतं. एअरबॅगचं काम अपघात झाल्यावर सुरू होतं, ईएसपीचं त्याआधी. घरात नवखा मुलगा किंवा मुलगी गाडी शिकत असेल, तर जुनी गाडी बदलायला मला एवढं एक कारण पुरतं.

«नवी पिढी म्हणजे ऐसपैस गाडी»

पहिल्या पिढीचा व्हीलबेस २,३९० मिलिमीटर होता, दुसरीचा २,४३०, तिसरीचा २,४५० आणि चौथीचाही २,४५०. डिकी २६५ लिटर. दुसऱ्या पिढीवरून येणाऱ्याला फरक जाणवेल, तिसऱ्यावरून येणाऱ्याला नाही. मागच्या सीटवर तिघांना नीट बसवायचं असेल तर दुसरी गाडी बघा.

«जुनी खिळखिळी झाली»

टेस्ट ड्राइव्हला जाण्याआधी आपल्या गाडीच्या टायरच्या कडेवरचा चार आकडी कोड वाचा. २३१९ असेल तर तो टायर २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यात बनला आहे. नक्षी शिल्लक असली तरी रबर कडक झालेलं असतं. त्यात शॉकॲब्सॉर्बर थकलेले आणि सस्पेन्शनचे बुश फाटलेले असले की वळणावर गाडी लोळते, खड्ड्यात खडखडते. मग मालक शोरूमच्या कोऱ्या गाडीशी तुलना करतो आणि «नव्या पिढीची पकड काय आहे!» म्हणतो. त्यातली बरीच पकड नव्या टायरची असते. चार टायर, बुश आणि शॉक बदलून पाहा. खर्च नव्या गाडीच्या किमतीच्या तुलनेत फार थोडा येतो, आणि निदान ठेवायची की द्यायची हे स्वच्छ दिसतं.

द्यायचं ठरलंच, तर

डिसेंबर २०२४ मध्ये जुन्या गाडीवर अठरा टक्के जीएसटी लागणार म्हणून मोठी ओरड झाली. तो कर नोंदणीकृत व्यापाऱ्याने आपल्या नफ्यावर भरायचा आहे. तुम्ही स्वतःची गाडी शेजाऱ्याला विकलीत तर लागत नाही. नव्या छोट्या गाडीवरचा जीएसटी मात्र २२ सप्टेंबर २०२५ पासून अठरा टक्क्यांवर आला आहे, म्हणून त्याआधीच्या कोटेशनवर बोलणी करू नका.

नो क्लेम बोनस गाडीबरोबर जातो, हाही एक महागडा गैरसमज आहे. तो मालकाचा असतो. पाच वर्षं क्लेम नसेल तर ओन डॅमेजच्या हप्त्यात ५० टक्के सूट मिळते, आणि जुनी गाडी विकताना विमा कंपनीकडून त्याचं पत्र घेतलंत तर तीन वर्षांच्या आत ती सूट नव्या गाडीला लावता येते. एक्स्चेंजच्या गडबडीत हे पत्र मागायचं राहतं आणि हजारो रुपये जातात.

शेवटचं आणि सगळ्यात गंभीर: किल्ली दिली, पैसे मिळाले, म्हणजे व्यवहार संपला असं नाही. आरटीओत नाव बदलेपर्यंत कायद्याच्या नजरेत मालक तुम्हीच. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये हेच स्पष्ट केलं आहे, अपघाताची भरपाई नोंदणीवर नाव असलेल्याकडून मागितली जाते. फॉर्म २९ आणि ३० वर सही करताना तारीख कोरी सोडू नका, घेणाऱ्याच्या ओळखपत्राची प्रत ठेवा, फास्टॅग बंद करा, आणि परिवहनच्या संकेतस्थळावर नवं नाव दिसेपर्यंत दर आठवड्याला बघत राहा. एक्स्चेंजमध्ये गाडी घेणाऱ्या डीलरलाही हाच नियम लावा. हस्तांतर कधी होणार हे त्याच्याकडून लेखी घेतल्याशिवाय मूळ आरसी हातातून सोडू नका.