साथ आणि स्वतंत्र वादन

वाद्य वाजविणाऱ्या कलावंतापुढें केव्हां ना केव्हां एक प्रश्न उभा राहतोच : आपण एकट्यानें वाजवावें, कीं दुसऱ्याबरोबर वाजवावें? गायकाला हा प्रश्न सहसा पडत नाहीं. मैफल त्याचीच असते. परंतु सारंगी, व्हायोलिन यांसारखें गजानें वाजविण्याचें वाद्य ज्यानें हातीं धरिलें, त्याच्या सबंध आयुष्याला या प्रश्नाच्या उत्तरानें निराळें वळण लागतें. हा प्रश्न केवळ कलावंतांपुरता आहे असें मात्र कोणी समजूं नये. घरांतील एखादें मूल वाद्य शिकूं लागलें म्हणजे वडील मंडळी पहिल्या वर्षींच विचारतात, "पुढें हा स्वतःची मैफल करणार, कीं जन्मभर कोणाच्या तरी मागें बसून साथच करणार?" या प्रश्नांतील 'साथच' हा शब्द कितपत न्याय्य आहे, याचा विचार कांहीं थोर वादकांच्या चरित्रांच्या आधारें करावा, असा या लेखाचा उद्देश आहे.

प्रथम थोडें परदेशांत डोकावूं. युरोपीय संगीतांत व्हायोलिनच्याच कुळांतलें, परंतु आकारानें पुष्कळ मोठें असें चेलो नांवाचें वाद्य आहे. वादक खुर्चीवर बसून तें दोन्ही गुडघ्यांच्या मध्यें उभें धरतो आणि त्यावरून आडवा गज ओढतो. त्याचा स्वर खर्जाकडे झुकणारा, भारदस्त असतो. प्रारंभीं या वाद्याकडे मुख्यतः इतरांच्या खालून आधारस्वर धरण्याचें काम असे. पुढें त्यास दोन मार्ग मिळाले. एक, स्वतंत्र वादनाचा. दुसरा, दिवाणखान्यांत बसून तिघांचौघांनीं मिळून वाजविण्याच्या संगीताचा, ज्यास तिकडे 'चेंबर म्युझिक' म्हणतात. या दुसऱ्या प्रकारांत हातवारे करून ताल दाखविणारा कोणी नायक नसतो. प्रत्येकाचा भाग निराळा, आणि तो भाग वाजविणारा एकटाच. त्यामुळें कोणालाही दुसऱ्याच्या आड लपतां येत नाहीं आणि कोणालाही दुसऱ्यावर कुरघोडी करतां येत नाहीं. हायडन (१७३२–१८०९) या रचनाकारानें दोन व्हायोलिन, एक व्हायोला आणि एक चेलो अशा चार वाद्यांसाठीं साठांहून अधिक रचना केल्या, त्या याच प्रकारांतल्या होत.

चेलोवादकांमध्यें विसाव्या शतकांत अग्रगण्य ठरलेले पाब्लो कासाल्स हे स्पेनमधील कॅटलोनिया प्रांतीं १८७६ सालीं जन्मले. तेरा वर्षांचे असतां वडिलांबरोबर बार्सिलोना शहरांत फिरतांना एका जुन्या दुकानांत त्यांना बाखच्या सहा रचनांची प्रत सांपडली. या रचना एकट्या चेलोसाठीं लिहिलेल्या, परंतु त्या काळीं केवळ बोटांच्या व्यायामापुरत्याच उपयोगाच्या मानल्या गेलेल्या. या मुलानें सुमारें बारा वर्षें त्यांवर मेहनत केली आणि मगच त्या लोकांपुढें वाजविल्या. १९३६ ते १९३९ या वर्षांत त्यांचें ध्वनिमुद्रण झालें आणि एकट्या चेलोनें सभा जिंकतां येते हें जगास पटलें. असें असूनही या गृहस्थांनीं सहवादन कधीं सोडलें नाहीं. पियानोवादक कोर्तो आणि व्हायोलिनवादक तिबो यांच्यासह त्यांची त्रयी पुष्कळ वर्षें गाजत होती. स्पेनमध्यें फ्रँकोची हुकूमशाही आली तेव्हां ते फ्रान्समधील प्राद या लहानशा गांवीं जाऊन राहिले, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर मोठीं राष्ट्रें त्या हुकूमशाहीस चालवून घेतात हें पाहून त्यांनीं जाहीर वादनच बंद केलें. शेवटीं १९५० सालीं स्नेहीमंडळीच त्या गांवीं गोळा झाली आणि तेथें संगीतोत्सव सुरू झाला. १९६१ सालीं, वयाच्या चौऱ्यायशीव्या वर्षीं, अमेरिकेच्या अध्यक्षांच्या निवासस्थानीं त्यांचें वादन झालें. त्या रात्रीं त्यांनीं काय वाजविलें? आरंभीं मेंडेलसोनची तीन वाद्यांची रचना. म्हणजे दोन सोबत्यांच्या जोडीनें! एवढा मान मिळालेल्या पुरुषास दुसऱ्याबरोबर वाजविणें कमीपणाचें वाटलें नाहीं, हें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे.

आतां आपल्याकडे वळूं. आपल्या शास्त्रांत वाद्यांची योग्यता लहान नाहीं; परंतु गाण्याचें प्राधान्य स्पष्ट सांगितलेलें आहे. देवगिरीच्या यादवांच्या आश्रयानें तेराव्या शतकांत 'संगीतरत्नाकर' रचणाऱ्या शार्ङ्गदेवानें, नृत्य वाद्याला अनुसरतें आणि वाद्य गीताला अनुसरतें, असा क्रम लावून दिला आहे. अनुसरणें याचा अर्थ चाकरी करणें असा मात्र नव्हे. व्यवहारांत तो तसा होऊन बसला, हा दोष आपला, शास्त्रकाराचा नव्हे.

व्हायोलिन हें मूळचें आपलें वाद्य नव्हे. दक्षिणेंत मुथुस्वामी दीक्षितरांचे बंधु बालुस्वामी दीक्षितर (१७८६–१८५८) यांनीं तें एका युरोपियन वादकापासून शिकून घेतलें आणि कर्नाटक संगीतांत रुळविलें. उभ्यानें हनुवटीखालीं धरण्याचें हें वाद्य आपल्या लोकांनीं जमिनीवर मांडी घालून, एक टोंक छातीशीं आणि दुसरें उजव्या पावलावर टेकून वाजविण्याची पद्धत पाडली. त्यामुळें डावा हात मोकळा झाला आणि बोट तारेवरून लांबवर सरकवून मींड काढणें साधलें. तारांचा मेळही षड्ज-पंचमांत बदलून घेतला. या वाद्याला पडदे नसतात, म्हणून दोन स्वरांमधील श्रुति त्यावर हव्या तशा काढतां येतात. गजाला घोड्याचे केस, त्या केसांना राळ. आणि गज ओढीत राहिलें तोंवर स्वर टिकतो, जसा गायकाचा दम टिकतो. गजाची दिशा पालटतांना स्वर तुटलेला ऐकूं येऊं नये, यांतच वर्षानुवर्षांची मेहनत खर्चीं पडते.

उत्तरेकडील संगीतांत या वाद्याला मान मिळवून देणाऱ्यांत महाराष्ट्रीयांचा वांटा मोठा आहे. पहिलें नांव घ्यावयाचें तें गजाननबुवा जोशी (१९११–१९८७) यांचें. औंध संस्थानांतील गायक अंतुबुवा जोशी यांचे हे चिरंजीव. वडिलांकडून ग्वाल्हेरची गायकी मिळाली. पुढें रामकृष्णबुवा वझे, भुर्जीखाँ, विलायत हुसेनखाँ यांच्याकडून निरनिराळ्या घराण्यांची विद्या मिळविली. व्हायोलिन मात्र बव्हंशीं स्वतःच्याच मेहनतीनें हस्तगत केलें. गाणारा आणि वाजविणारा एकच असल्यामुळें त्यांच्या गजांतून जें निघे तें गाणेंच असे. आकाशवाणीनें १९४० सालीं हार्मोनियम बंद केली आणि ती बंदी सुमारें तीन दशकें चालली. त्या काळांत रेडिओवरील गायकांना साथ कोणाची घ्यावी, या अडचणीमुळें सारंगी आणि व्हायोलिन यांचें महत्त्व वाढलें, हेंही येथें नमूद केलें पाहिजे.

गजाननबुवांपासून विद्या घेतलेले विष्णु गोविंद जोग (१९२२–२००४) यांचें चरित्र तर आपल्या प्रश्नाचें प्रत्यक्ष उत्तरच आहे. महाराष्ट्रांतील हा तरुण पुढें लखनौस अध्यापन करूं लागला, मैहरच्या अल्लाउद्दीनखाँ साहेबांपासूनही विद्या मिळविली, आणि शेवटीं कलकत्त्यास स्थायिक झाला. त्यांच्या वादनांत गायकी अंग होतेंच. शिवाय सतार-सरोदाकडील तंतकारीचा ठसका आणि लयीशीं खेळण्याची हौसही होती. मोठमोठ्या गायकांना त्यांनीं साथ केली, स्वतःच्या बैठकी गाजविल्या आणि बिस्मिल्लाखाँ (१९१६–२००६) यांच्या सनईबरोबर जुगलबंद्याही केल्या. युरोपांतील दिवाणखानी संगीताला आपल्याकडे अगदी जवळची वस्तु कोणती, असें कोणी विचारील तर या जुगलबंदीकडे बोट दाखवावें. सनई फुंकेची, व्हायोलिन गजाचें. एकानें स्वर मांडावा, दुसऱ्यानें तो उचलून पुढें न्यावा. भेद इतकाच कीं तिकडे प्रत्येकाचा भाग कागदावर आधींच लिहिलेला असतो, आणि इकडे कांहींच लिहिलेलें नसतें. जोगांना १९८० सालीं संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार आणि १९८३ सालीं पद्मभूषण मिळाली.

दामोदर केशव दातार (१९३२–२०१८) यांची हकीकत याहून हृद्य आहे. थोर गायक दत्तात्रेय विष्णु पलुसकर यांच्याजवळ त्यांनीं गायकी आत्मसात केली आणि त्यांच्याच मैफलींतून त्यांना साथ केली. पलुसकर १९५५ सालीं, अवघ्या चौतिसाव्या वर्षीं, निवर्तले. साथीदाराचें जीवन गायकावर अवलंबून असतें असें जे म्हणतात, त्यांच्या हिशेबानें तेविशींतील दातारांचें सर्वस्वच तेथें बुडालें असतें. परंतु झालें तें उलट. गायकाच्या मागें बसून जी आलापी, जी बोलांची फेंक, जी विश्रांतीची जागा त्यांनीं कानांत सांठविली होती, ती पुढें त्यांच्या स्वतंत्र वादनाचें भांडवल ठरली. २००४ सालीं त्यांना पद्मश्री मिळाली. ज्यांनीं पलुसकरांना प्रत्यक्ष कधीं ऐकलें नाहीं, त्यांना त्या गायकीची ओळख दातारांच्या तारांतून होऊं शकली. साथ ही केवढी मोठी पाठशाळा आहे, याचें याहून चांगलें उदाहरण शोधावयास नको.

मग साथ सोडून देणारे चुकले काय? तसेंही म्हणतां येत नाहीं. सारंगीवादक रामनारायण (१९२७–२०२४) उदेपूरकडचे. लाहोर आणि दिल्ली येथील रेडिओवर काम करून १९४९ सालीं ते मुंबईस आले आणि मुंबईकरच झाले. सारंगीला तातीच्या तीन मुख्य तारा आणि खालीं सुमारें पस्तीस तरफा. त्या मुख्य तारा बोटांच्या पेरांनीं नव्हे, तर नखांच्या मुळांनीं दाबाव्या लागतात. इतकें कठीण वाद्य. परंतु तें कोठीवरच्या गाण्याशीं जोडलें गेल्यामुळें त्याच्या वादकास प्रतिष्ठित समाज जवळ बसवून घेत नसे. १९५४ सालीं मुंबईच्या कावसजी जहांगीर हॉलमध्यें रामनारायण एकटे वाजवावयास बसले तेव्हां, नांवाजलेल्या कलावंतांची वाट पाहणाऱ्या श्रोत्यांनीं गलका करून त्यांना उठविलें. दोन वर्षांनीं, १९५६ सालीं, ते पुन्हां बसले आणि यशस्वी झाले. पुढें त्यांनीं साथ सोडलीच. १९६४ सालीं तबलावादक असलेले वडील बंधु चतुरलाल यांच्यासह युरोपचा दौरा केला, आणि २००५ सालीं त्यांना पद्मविभूषण मिळाली. त्यांनीं साथ सोडली ती साथ हलकी म्हणून नव्हे. साथीदाराला हलकें लेखलें जाई म्हणून. हा भेद सूक्ष्म खरा, पण सर्व मर्म त्यांतच आहे.

ख्यालाच्या साथीदाराचें काम बारकाईनें पाहिलें तर त्याला हलकें लेखण्याचें धाडस कोणी करणार नाहीं. गायक पुढच्या क्षणीं काय गाणार हें त्याला ठाऊक नसतें. तरी गायकाच्या मागोमाग, सावलीसारखें, तेंच त्याला उमटवावें लागतें. गायक श्वास घेईल तेवढी पोकळी भरावयाची, आणि तो पुन्हां सुरू करतांच मागें सरावयाचें. आज ग्वाल्हेरचा गायक, उद्यां आग्र्याचा, परवां किराण्याचा. प्रत्येकाची चाल निराळी, आणि साथीदाराला त्या सगळ्या अवगत पाहिजेत. स्वतःला येतें तें सर्व न वाजवितां त्या वेळीं हवें तेवढेंच वाजविणें, हा संयम एकट्याच्या वादनांत शिकतां येत नाहीं. आणि उलट, एकट्यानें तासभर राग उभा करण्याची ताकद ज्याच्यापाशीं नाहीं, त्याची साथही दुबळीच राहते. या दोन विद्या परस्परांच्या वैरिणी नसून बहिणी आहेत. एकत्र कुटुंबांत वाढलेल्या वाचकांस हें अधिक फोड करून सांगावयास नको; घर चालतें तें अशाच, वेळेवर पुढें होणाऱ्या आणि वेळेवर मागें सरणाऱ्या माणसांच्या बळावर.

आमच्या वळसंगसारख्या गांवीं, जेथें मराठी आणि कानडी या दोन्ही भाषा एकाच ओट्यावर बोलल्या जातात, तेथें भजन झाल्यावर लोक बुवांचें नांव घेत घरीं जातात. पेटी कोणी धरली, पखवाज कोणी सांभाळला, हें कोणी विचारीत नाहीं. शहरांतल्या मैफलींतही पुष्कळ वेळां हेंच होतें. हें सुधारणें फारसें खर्चाचें नाहीं. कार्यक्रमाच्या आरंभीं साथीदारांचीं नांवें स्पष्ट उच्चारावीं. बिदागी ठरवितांना त्यांच्याशीं वेगळें, सन्मानानें बोलावें. जेवणाची पंगत गायकाची आणि साथीदारांची एकच असावी.

आणि घरांत कोणी गजाचें वाद्य शिकूं लागलें असेल, तर त्याला अगोदर वर्ष-दोन वर्षें गळ्यानें गावयास शिकवावें. गजाननबुवांच्या आणि दातारांच्या चरित्रांचा धडा हाच आहे. नंतर त्याला एखाद्या गाणाऱ्याच्या मागें खुशाल बसूं द्यावें. तो पुढें एकट्यानें वाजवील, जोडीनें वाजवील, कीं दोन्ही करील, हें त्याचें त्याला त्या बैठकींतच कळेल. वडील माणसांनीं तोंपर्यंत आपली घाई आवरली, तर तेवढेंच त्याला पुष्कळ होईल.