संगणक : दालनातून तळहातावर

कोलकात्याच्या उत्तरेस असलेले डमडम विमानतळामुळे सर्वांच्या परिचयाचे आहे. त्याच्या शेजारच्या बरानगर भागात भारतीय सांख्यिकी संस्था आहे. प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी १९३१ साली स्थापन केलेल्या या संस्थेत १९५५ साली इंग्लंडहून एक यंत्र आले. त्याचे नाव हेक-२एम. भारतात बसवलेला हा पहिला अंकीय इलेक्ट्रॉनिक संगणक होय.

हे यंत्र सुमारे दहा फूट लांब, सात फूट रुंद आणि सहा फूट उंच होते. त्याची किंमत सुमारे दोन लाख रुपये होती. आत निर्वात नळ्या होत्या. त्या तापत आणि अधूनमधून निकामीही होत. यंत्राशी बोलायचे ते कार्डांना छिद्रे पाडून, आणि तेही केवळ शून्य व एक या दोन अंकांच्या भाषेत. एखादे छिद्र भलत्याच जागी पडले, की सारे उत्तर बिघडे! फिरत्या पिंपावरील त्याच्या स्मृतीत जेमतेम १०२४ संख्या मावत. आजच्या चार गिगाबाइट स्मृतीच्या साध्या मोबाइलमध्ये त्याच्या लाखो पट जागा असते. १९५५ साली जन्मलेली व्यक्ती आज सत्तरीची आहे. हा सारा बदल तिच्या एका आयुष्यातला आहे.

नळ्यांची जागा ट्रान्झिस्टरने घेतली. सांख्यिकी संस्था आणि जादवपूर विद्यापीठ यांनी मिळून १९६६ साली असा एक संगणक घडवला. पुढे हजारो ट्रान्झिस्टर नखाएवढ्या चकतीवर बसू लागले आणि १९७१ साली सूक्ष्मप्रक्रियक बाजारात आला. संगणक घरातल्या मेजावर येऊ शकला तो यामुळेच.

मात्र हे स्वागत सर्वत्र सारखे नव्हते. १९६०च्या दशकात कोलकात्यातच आयुर्विमा महामंडळाच्या कर्मचाऱ्यांनी संगणक बसवण्यास तीव्र विरोध केला. हिशेब करणारी शेकडो माणसे ज्या कचेरीत पोट भरत होती, तेथे एक यंत्र त्यांचे काम हिरावून घेईल, ही भीती होती. या विरोधाला अडाणीपणा म्हणणे अन्यायाचे ठरेल.

सामान्य माणसाला आणखी एक अडसर होता, तो भाषेचा. मेजावर आलेला संगणकही आरंभी इंग्रजीच जाणत असे. पुण्याच्या सी-डॅक संस्थेने भारतीय लिप्या संगणकावर उमटवण्याचे काम हाती घेतले, तेव्हा मराठीलाही पडद्यावर स्थान मिळाले. २००१ साली सुरू झालेल्या एमएस-सीआयटी अभ्यासक्रमाने महाराष्ट्रातील गावोगावच्या लोकांना संगणकासमोर बसवले. आता तर मोबाइलशी मराठीत बोलले, तरी तो अक्षरे लिहून देतो; लिहिता न येणाऱ्यालाही निरोप धाडता येतो. त्याच संगणकीय अक्षरजुळणीने छापखान्यांत एकेक खिळा जुळवून मराठी पुस्तके सिद्ध करणाऱ्या कारागिरांचे काम मात्र संपवले.