घाटपायथ्याचे भिसेगाव

मुंबईहून पुण्यास निघालेली गाडी कर्जतला थांबली, की उतारूंचे सारे लक्ष दिवाडकरांच्या गरम वड्याकडे लागते. त्यामुळे रुळांच्या पूर्वेस वसलेले आणि आज कर्जत नगरपरिषदेच्या हद्दीत मोडणारे भिसेगाव खिडकीसमोर असूनही बहुधा नजरेतून सुटते. या गावाची खरी ओळख मात्र त्या थांब्यातच आहे.

गाडीला येथे बोरघाट थांबवितो. १८६३ साली खुला झालेला या घाटातील लोहमार्ग सुमारे पंधरा मैलांत १,८३१ फूट चढतो, आणि त्याचा सर्वांत कठीण चढ सदतीस फुटांस एक फूट इतका तीव्र आहे. या मार्गाच्या बांधणीचा मक्तेदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ साली येथे येऊन अल्पावधीतच निवर्तला, तेव्हा त्याची पत्नी ॲलिस हिने तो मक्ता धीराने निभावला. घाटाच्या कथेत या बाईंचे नाव अधिक आदराने घेतले जावे, असे मला मनापासून वाटते. अशा चढावर गाडी नेण्याच्या रीती निरनिराळ्या. उत्तर इंग्लंडातील शिल्डन या लहानशा गावाजवळ १८२५ साली चढावरचे डबे माथ्यावरील स्थिर एंजिने दोरखंडाने ओढून घेत. कर्जतला मात्र बळ मागून लावावे लागते. गाडीच्या शेपटाशी बँकर एंजिने हळूच येऊन टेकतात, कर्मचारी रुळांत उतरून जोडणी करतो, शेवटच्या डब्यातील माणसांना एक हलकासा हिसका जाणवतो, आणि क्षणभराने सारी गाडी डोंगराकडे सरकू लागते.

याच डोंगराने तालुक्याला पाणीही दिले आहे. भिवपुरीच्या वीजगृहात १९२२ पासून वीज निर्माण करून बाहेर पडणारे पाणी राजनाल्याने शेतांत खेळते. म्हणूनच, कोकणातील इतर खाचरे उन्हाळ्यात भेगाळलेली असता, येथे दुबार भाताची हिरवी रोपे वाऱ्यावर डोलतात. या मातीवर आणि पाण्यावर कर्जतच्या भात संशोधन केंद्राने ‘कर्जत-३’सारखी वाणे सिद्ध केली. वीज आणि डोंगर यांच्याशी येथला स्वातंत्र्यलढाही जोडलेला आहे. याच मुलखात, माथेरानला जन्मलेल्या क्रांतिकारक भाई कोतवालांच्या आझाद दस्ता या गटाने बेचाळीसच्या लढ्यात मुंबईकडे जाणाऱ्या विजेचे मनोरे पाडले; २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडावर कोतवाल आणि हिराजी पाटील धारातीर्थी पडले.

इकडे कर्जतहून निघालेली गाडी घाटमाथ्यावर पोहोचली, की बँकर एंजिने सुटी होतात आणि मागे डबा नाही, उतारू नाही, अशी मोकळीच पुढल्या गाडीसाठी कर्जतला उतरून येतात.