गॅस संपत नाही, गळतो

एका गावात बायकांचा बचत गट आहे. गटाने एका खोलीत बियाणे साठवले आहे. कांद्याचे बी, वांग्याचे बी, घेवड्याचे बी. बियाणे थंड आणि कोरड्या जागी ठेवले तर जास्त दिवस टिकते. कांद्याचे बी तर फार नाजूक. त्याला उन्हाळ्याची गरमी आणि पावसाळ्याची ओल लागली, तर वर्षभरात उगवण कमी होते. म्हणून गटाने पैसे जमवले आणि खोलीत एअर कंडिशनर बसवला. लोक त्याला ए.सी. म्हणतात. ए.सी. हवा थंड करतो, आणि हवेतली ओलही काढून घेतो.

पहिला उन्हाळा बरा गेला. दुसऱ्या उन्हाळ्यात ए.सी. चालू, पण खोली गरमच! मिस्त्री आला. "गॅस संपलाय," म्हणाला. त्याने गॅस भरला, पैसे घेतले आणि गेला. तिसऱ्या उन्हाळ्यात पुन्हा तेच. चौथ्यातही तेच.

गटाच्या आक्का साक्षरतेच्या वर्गात वाचायला शिकल्या होत्या. त्यांनी जुन्या पावत्या काढून एकापुढे एक मांडल्या. तिन्ही पावत्यांवर एकच ओळ होती : 'गॅस भरला.' आक्का मनाशी म्हणाल्या, "अगं बाई, हा गॅस दरवर्षी जातो तरी कुठं?"

आक्कांचा प्रश्न अगदी बरोबर होता. त्याचे उत्तर समजायला ए.सी. कसा चालतो ते पाहू या.

माठातले पाणी गार का होते? माठ पाझरतो. बाहेर आलेल्या पाण्याची वाफ होते. वाफ व्हायला उष्णता लागते. ती उष्णता माठातून घेतली जाते, म्हणून आतले पाणी गार होते.

ए.सी.मध्येही हेच घडते. फक्त तिथे पाणी नसते, एक खास गॅस असतो. खोलीतल्या पेटीत तांब्याच्या नळ्या असतात. त्यांत हा गॅस पातळ होऊन येतो. पाणी १०० अंशांवर उकळते, पण हा गॅस त्या नळ्यांत साधारण ५ ते १० अंशांवरच उकळतो. त्याला लागणारी उष्णता तो खोलीतल्या हवेतून घेतो. हवा गार होते.

मग ही उष्णता घेऊन गॅस बाहेरच्या पेटीत जातो. तिथे कॉम्प्रेसर असतो. कॉम्प्रेसर गॅसला दाबतो. सायकलमध्ये हवा भरताना पंप कसा तापतो, तसाच दाबलेला गॅस तापतो. बाहेरचा पंखा त्याच्यावर वारा घालतो. उष्णता बाहेर जाते आणि गॅस पुन्हा पातळ होतो. एका अरुंद वाटेतून तो आतल्या नळ्यांत येतो. तिथे दाब कमी झाला की पुन्हा उकळू लागतो.

विहिरीवरचा रहाट आठवा. गाडगे खाली जाते, पाणी भरून वर येते, पाणी ओतते, पुन्हा खाली जाते. पाणी जाते, पण गाडगे तेच राहते. ए.सी.तला गॅस म्हणजे हे गाडगे. तो उष्णता भरून आणतो, बाहेर ओततो आणि परत जातो.

चुलीचा गॅस जळतो, म्हणून संपतो. ए.सी.चा गॅस जळत नाही. तो बंद नळीत फिरत असतो. म्हणून तो कमी झाला असेल, तर कुठेतरी गळती आहे हे नक्की. गळती तशीच ठेवून गॅस भरणे म्हणजे फुटक्या घागरीत पाणी भरणे.

आक्कांनी दुसऱ्या मिस्त्रीला बोलावले. हा मुलगा तालुक्याच्या आय.टी.आय.त दोन वर्षे हेच काम शिकलेला. त्याने आल्याआल्या गॅसला हात लावला नाही. आधी आतल्या पेटीची जाळी काढली. ती धुळीने भरली होती. "आक्का, जाळी तुंबली तरी खोली गार होत नाही. ही दर पंधरा दिवसांनी तुम्हीच धुवा," तो म्हणाला.

मग त्याने बाहेरच्या पेटीचे सांधे पाहिले. एका नटाजवळ तेलाचा डाग होता. डागावर धूळ चिकटली होती. गॅसबरोबर नळीत थोडे तेलही फिरते. गॅस गळला की तेलही बाहेर येते. मुलाने तिथे साबणाचा फेस लावला. फेसाला बुडबुडे आले!

"सापडला चोर!" आक्का म्हणाल्या.

मुलाने उरलेला गॅस यंत्राने बाटलीत ओढून घेतला. हवेत सोडला नाही. नळीचे तोंड कापून नवे केले आणि नट घट्ट बसवला. मग नळीत नायट्रोजन दाबून भरला आणि पुन्हा फेस लावून पाहिला. एकही बुडबुडा नाही.

या कामाला काही जण ऑक्सिजन वापरतात. तसे कधी करू देऊ नका. दाबलेला ऑक्सिजन आणि तेल एकत्र आले की स्फोट होतो. त्यात माणसे दगावली आहेत.

नायट्रोजन सोडून दिल्यावर त्याने एक पंप जोडला आणि नळीतली हवा व ओल ओढून काढली. याला बराच वेळ लागतो. घाईचा मिस्त्री हे टाळतो. पण ओल आत राहिली, तर ती तेलात आम्ल तयार करते आणि शेवटी कॉम्प्रेसर जळतो. कॉम्प्रेसर हा ए.सी.चा सगळ्यांत महाग भाग.

शेवटी गॅस. पेटीवर एक पत्रा असतो. त्यावर गॅसचे नाव आणि वजन लिहिलेले असते. आक्कांनी आकडे वाचले : आर-३२, ७५० ग्रॅम. मुलाने बाटली काट्यावर ठेवली आणि तेवढाच गॅस मोजून भरला. कमी नाही, जास्त नाही. गॅस भरताना खिडक्या उघड्या ठेवल्या आणि जवळ कुणाला विडी ओढू दिली नाही. कारण आर-३२ पेट घेऊ शकतो. आर-२९० तर चटकन पेटतो.

गॅस हवेत सोडणे सगळ्यांनाच महागात पडते. जुना आर-२२ गॅस आकाशातल्या ओझोनच्या थराला पातळ करतो. हा थर उन्हातले घातक किरण अडवतो. त्याला वाचवण्यासाठी १९८७ साली देशांनी मॉन्ट्रियल येथे करार केला. आर-३२ ओझोनला धक्का लावत नाही, पण हवा तापवतो. शंभर वर्षांचा हिशेब केला, तर एक किलो आर-३२ सुमारे ६७५ किलो कार्बन डायऑक्साइडइतकी हवा तापवतो.

मुलाने पावती लिहिली. आक्कांनी ती मोठ्याने वाचली : 'बाहेरच्या नटाची गळती काढली. नायट्रोजनने तपासले. नळी पंपाने कोरडी केली. आर-३२ गॅस ७५० ग्रॅम भरला.' मग त्यांनी सही केली. पुढच्या उन्हाळ्यात खोली गार राहिली.

तुमच्या दवाखान्यात, दुकानात, कचेरीत ए.सी. असेल, तर एवढे ध्यानात ठेवा :

जाळी वेळेवर धुवा. धुण्याआधी वीज बंद करा.
पेटी स्वतः उघडू नका. वीज बंद केली तरी आत झटका राहू शकतो.
'गॅस संपला' असे कुणी म्हणाले, तर विचारा, "गळती कुठं आहे? आधी दाखवा."
गॅस वजन करून भरायला सांगा.
काय काम केले ते पावतीवर लिहून घ्या. आणि वाचल्याशिवाय सही करू नका.