तारेची वेटोळी : टोरॉइडचा न मोजलेला वेढा

फेराइटच्या गाभ्यात मुद्दाम ठेवलेल्या फटीबद्दल आज लिहायचे होते. ते आता पुढच्या आठवड्यात. सांगलीच्या एका वाचकांचा प्रश्न आधी घ्यायलाच हवा. ते विचारतात, ‘टोरॉइडच्या बाहेर चुंबकीय क्षेत्र शून्य असते असे तुम्ही लिहिलेत. ते खरोखर शून्य असते का?’

नसते. आणि उरते किती, हेही नेमके सांगता येते : एका वेढ्याचे.

वलयावर तार गुंडाळताना नीट बघा. तार भोकातून वर येते, बाहेरच्या कडेने खाली जाते आणि दर वेढ्याला किंचित पुढे सरकते. सरकली नाही तर सगळे वेढे एकाच जागी साचतील. वलय भरून तार सुरुवातीपाशी आली, की या सरकण्याची बेरीज वलयाभोवतीची एक पूर्ण फेरी होते. वेढे 200 असोत की 2000, बाहेरून त्याच प्रवाहाचे एक मोठे कडे जाणवते. मागच्या लेखातल्या गणितात हे सरकणे आपण धरलेच नव्हते.

आकडे घालून पाहू. प्लास्टिकचे वलय, सरासरी त्रिज्या 5 सेंटिमीटर, 200 वेढे, 1 अँपिअर. वेढ्यांच्या आत क्षेत्र 800 मायक्रोटेस्ला. वलयाच्या केंद्राशी, जिथे शून्य हवे, तिथे सुमारे 12.6. हे नगण्य नाही. अलिबागच्या चुंबकीय वेधशाळेत पृथ्वीच्या क्षेत्राचा आडवा घटक 38 मायक्रोटेस्लाच्या आसपास भरतो. वलय उत्तर-दक्षिण रेषेत उभे धरा, केंद्राशी छोटे होकायंत्र ठेवा आणि तारेची दोन्ही टोके एकमेकींना पीळ देऊन दूर न्या. प्रवाह सोडताच सुई सुमारे 18 अंश वळते.

यावर इलाज सोपा आहे. पहिला थर संपला की दुसरा थर उलट सरकत परत आणायचा, वेढ्याची दिशा मात्र तीच ठेवायची. सरकणे फिटते, वेढे दुप्पट होतात आणि इंडक्टन्स चौपट. दुसरा उपाय म्हणजे तारेचे शेवटचे टोक वेढ्यांच्या आतून वलयभर उलटे फिरवून सुरुवातीपाशी आणणे. केबलभोवती घालून मोठे प्रवाह मोजायच्या रोगोव्स्की कॉइलमध्ये हेच करतात. जे कडे क्षेत्र बाहेर सोडते, तेच शेजारच्या केबलचे क्षेत्र पकडते आणि मोजमाप बिघडवते.

सरळ नालकुंतलातही तार एका टोकाकडून दुसऱ्याकडे जातेच, म्हणून बाहेर एका सरळ तारेचे क्षेत्र उरते. तिथेही परतीचा थर तेच काम करतो.

एक सावधगिरी. दोन थरांत सुरुवात आणि शेवट एकमेकांवर येतात, त्यामुळे कॉइलचे सगळे व्होल्टेज त्या दोन तारांमध्ये पडते. तेव्हा थरांची संख्या सम ठेवा आणि मधली इन्सुलेशनची पट्टी कधीही टाळू नका.