दुकान नफ्यात, गल्ला रिकामा: बाळापुरात धंद्याचं पहिलं वर्ष असं का जातं?

अक्षय्य तृतीयेचा मुहूर्त, दारात आंब्याच्या पानांचं तोरण, नवी कोरी पाटी आणि व्हॉट्सअ‍ॅप स्टेटसवर उद्‌घाटनाचे फोटो. जूनमध्ये गिऱ्हाईक तुटून पडतं. जुलैत मालक खुश. आणि पोळ्याच्या आसपास हाच मालक अकोल्याच्या ठोक व्यापाऱ्याचा फोन उचलायचं टाळतो.

धंदा बुडाला का? नाही. वहीत तर नफा दिसतोय. मग पैसा गेला कुठे?

हे कोडं सोडवायचं तर आधी बाळापूर कुठे आहे ते नीट बघायला लागतं. मन आणि म्हैस या नद्यांच्या संगमावरचा किल्ला सगळ्यांना माहीत असतो, पण गाव व्यापाराचंही जुनं आहे. इथं एकेकाळी हातकागद बनायचा, पागोटी आणि सतरंज्या विणल्या जायच्या. १८६०च्या दशकात मुंबई-नागपूर रेल्वेमार्ग झाला तो बाळापुरातून नाही, पारसवरून. कापसाचा मोठा व्यवहार अकोल्याला आणि खामगावला गेला. खामगावसाठी तर १८७० मध्ये रेल्वेचा वेगळा फाटा टाकला गेला.

त्याचा परिणाम आजच्या दुकानदारापर्यंत पोचतो. तो माल आणतो अकोल्याहून आणि विकतो आजूबाजूच्या खेड्यांतल्या कास्तकाराला. अकोल्याचा व्यापारी तीस दिवसांत पैसे मागतो. कास्तकार म्हणतो, ‘सोयाबीन निघू द्या भाऊ, मंग देतो.’ एका बाजूला महिन्याचं कॅलेंडर, दुसऱ्या बाजूला पिकाचं. मधे उभा आहे नवा दुकानदार, आणि त्याच्याकडे जुन्या दुकानदारासारखी मागच्या वर्षीची शिल्लक नाही.

आकड्यांत बघू

समजा, एका तरुणानं मोटारपंप, पाइप आणि स्प्रिंकलरच्या सुट्या भागांचं दुकान टाकलं. भाडं ८ हजार, एका पोराचा पगार ९ हजार, लाइटबिल-मोबाइल २ हजार आणि कर्जाचा हप्ता ११ हजार. म्हणजे शटर उघडलं नाही तरी महिन्याला ३० हजार जाणार. मालावर सरासरी १५ टक्के सुटतात असं धरू. खर्च भागवायलाच महिन्याला २ लाखांची विक्री हवी.

जूनमध्ये विक्री झाली ३ लाखांची. सुटले ४५ हजार, खर्च ३० हजार, उरले १५ हजार. पहिल्याच हंगामात दणका!

पण त्या ३ लाखांपैकी ६० टक्के माल उधारीवर गेलाय. हातात आले १ लाख २० हजार. आता अकोल्याच्या व्यापाऱ्याचे २ लाख ५५ हजार आणि दुकानाचा खर्च ३० हजार, असे २ लाख ८५ हजार द्यायचेत. खड्डा पडला १ लाख ६५ हजारांचा. शिवाय या हिशेबात घरखर्च अजून धरलेलाच नाही. जुलैत विक्री आणखी वाढली आणि उधारीचं प्रमाण तेच राहिलं, तर खड्डा आणखी मोठा होतो. पहिल्या वर्षात सगळ्यात जास्त फसवणारी गोष्ट हीच: उधारीवरची विक्री जितकी जोरात, तितका गल्ला लवकर आटतो.

पैसा नेमका येतो कधी?

वऱ्हाडातल्या खरिपाचं वेळापत्रक सगळ्यांना पाठ असतं, पण दुकानाच्या हिशेबात ते कुणी मांडत नाही. जूनमध्ये पेरणी. त्यानंतर खत, निंदण, डवरणी, फवारणी, म्हणजे सप्टेंबरपर्यंत कास्तकाराच्या घरातून पैसा फक्त बाहेर जातो. पोळ्याला बैल सजतात, पण खिसे रिकामे असतात. सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरात सोयाबीनची सोंगणी झाली की पहिला पैसा येतो. दिवाळीच्या आसपास कापसाची वेचणी जोर धरते, डिसेंबर-जानेवारीत तूर येते, पाणी असेल तर फेब्रुवारी-मार्चमध्ये हरभरा आणि गहू.

म्हणजे मे महिन्यात उघडलेल्या दुकानाला पहिली खरी वसुली पाच महिन्यांनी. तेही भाव बरा असेल तर.

हा ‘तर’ मोठा आहे. २०२१ च्या पावसाळ्यात सोयाबीन क्विंटलला १० हजारांच्या आसपास गेलं होतं. २०२२ च्या उन्हाळ्यात अकोटच्या बाजारात कापसानं १२ हजारांचा टप्पा ओलांडला. हे आकडे कास्तकार विसरलेला नाही. पुढं भाव पडले. २०२४-२५ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव होता ४,८९२ रुपये आणि बाजारात बराच काळ त्याहून कमी दर मिळत होता. अशा वेळी माल विकायचा की घरात ठेवायचा? ज्याला जमतं तो ठेवतो, आणि त्यात त्याचं काही चुकत नाही. पण त्याच्या घरात थप्पी लावलेल्या पोत्यांमध्ये दुकानदाराची उधारीही बांधलेली असते. त्यामुळे बाळापुरात स्टेशनरीचं दुकान टाकलं, तरी मालकाला सोयाबीनचा भाव बघावाच लागतो.

जीएसटी उधारी ओळखत नाही

फक्त मालाचा धंदा असेल आणि वर्षाची विक्री ४० लाखांच्या आत असेल, तर महाराष्ट्रात साधारणपणे जीएसटी नोंदणी सक्तीची नसते (माल परराज्यात विकत असाल तर गणित बदलतं). सेवेच्या धंद्याला ही मर्यादा २० लाख. पण बरेच जण ‘असू द्या नंबर’ म्हणून आधीच नोंदणी करून टाकतात. मग रिटर्न भरणं आलं, विक्री शून्य असली तरी. उशीर झाला की दिवसागणिक दंड.

खरी गोम पुढं आहे. मालाचा जीएसटी बिल फाडल्यावर लागतो, पैसे मिळाल्यावर नाही. जूनमध्ये उधारीवर दिलेल्या मोटारीचा कर जुलैत भरायचा आणि मोटारीचे पैसे यायचे दिवाळीत. म्हणजे गिऱ्हाइकाच्या वतीनं दुकानदारच सरकारला उधार देतोय म्हणा ना.

दीड कोटीपर्यंतच्या विक्रीला कंपोझिशन योजना आहे. व्यापाऱ्याला विक्रीवर १ टक्का कर आणि तिमाही भरणा. कटकट कमी होते, पण खरेदीवर भरलेल्या कराची वजावट मिळत नाही आणि गिऱ्हाइकालाही कराचं बिल देता येत नाही. ज्याचं गिऱ्हाईक थेट कास्तकार आहे त्याला हे परवडू शकतं. जो दुसऱ्या व्यापाऱ्याला माल देतो त्याला अवघड जातं.

आणि ‘यूपीआयवर घेतलं, कोण बघतंय’ हा भ्रम आता उरलेला नाही. २०२५ मध्ये कर्नाटकात यूपीआयच्या आकड्यांवरून हजारो छोट्या व्यापाऱ्यांना जीएसटीच्या नोटिसा गेल्या. त्यात घरातले, मित्रांचे व्यवहार आणि धंद्याची विक्री एकाच खात्यात मिसळलेले अनेक जण अडचणीत आले. दुकानाचा क्यूआर कोड वेगळ्या खात्याचा हवा, तो यासाठी.

कर्ज मिळतं, पण कोणतं?

मुद्रा योजनेत शिशु गटात ५० हजारांपर्यंत, किशोर गटात ५ लाखांपर्यंत आणि तरुण गटात १० लाखांपर्यंत कर्ज आहे. पण मुदत कर्जाचा हप्ता साधारणपणे दर महिन्याला सारखाच येतो, श्रावणातही आणि दिवाळीतही. फर्निचरला, यंत्राला ते ठीक. माल भरण्यासाठी मात्र कॅश क्रेडिट मर्यादा मागितलेली बरी. त्यात लागेल तेव्हा उचलायचं, वसुली झाली की भरायचं आणि व्याज वापरलेल्या रकमेवरच. बँकेत नुसतं ‘कर्ज पाहिजे’ म्हणणाऱ्याला हा फरक कुणी आपणहून समजावून सांगेलच असं नाही.

पीएमईजीपीच्या अनुदानाचंही तसंच. अनुदान मंजूर झालं की पैसे हातात येतील असं धरून लोक माल उचलतात. प्रत्यक्षात ती रक्कम बँकेत तीन वर्षं अडकवून ठेवलेली असते. पहिल्या वर्षाच्या खर्चाला तिचा उपयोग नाही.

मग उधारी बंदच करायची का?

‘उधारी बंद आहे’ ही पाटी बाळापुरात लावता येते, पाळता येत नाही. शेजारचा देतोच. त्यामुळे प्रश्न उरतो तो किती द्यायची आणि कुणाला. वरच्या उदाहरणात उधारी ६० ऐवजी २५ टक्क्यांवर ठेवली, तर जूनमध्ये हातात २ लाख २५ हजार येतात आणि खड्डा १ लाख ६५ हजारांवरून ६० हजारांवर येतो. विक्री थोडी घटेल, पण ६० हजारांचा खड्डा घरच्या शिल्लकीतून बुजवता येतो. दुसरा उपाय म्हणजे अकोल्याच्या व्यापाऱ्याशी सुरुवातीलाच बोलून ठेवणं. तोही याच पिकांवर जगतो. दिवाळीपर्यंतचा वायदा आधी ठरवून घेणाऱ्याशी तो वेगळा वागतो आणि फोन टाळणाऱ्याशी वेगळा.

हा ताण एकट्या वऱ्हाडातला नाही. अमेरिकेच्या सरकारी आकडेवारीनुसार तिथं नव्यानं सुरू होणाऱ्या दर पाच धंद्यांपैकी साधारण एक वर्षभरात बंद होतो. आपल्याकडं लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर केला, तेव्हा लोखंडानं जमीन नासते या समजुतीमुळं पहिले नांगर विकायलाच दोनेक वर्षं लागली. गिऱ्हाईक तेव्हाही शेतकरीच होता.

उधारी द्यायचीच असेल, तर एक कायदेशीर गोष्ट माहीत असलेली बरी. विकलेल्या मालाच्या पैशासाठी कोर्टात जायची मुदत साधारण तीन वर्षं असते. ती संपायच्या आत देणेकऱ्यानं ‘इतकी बाकी आहे’ असं लिहून सही केली, तर सहीच्या तारखेपासून मुदत नव्यानं मोजली जाते. वहीत नुसतं नाव आणि आकडा लिहून हे होत नाही. दसऱ्याला बाकीचा हिशेब दाखवायचा आणि त्याखाली तारखेसकट सही घ्यायची, एवढं केलं तरी पुरतं. सही मागितल्यावर रागावणारं गिऱ्हाईक कोणतं, हेही त्याच दिवशी कळतं.