सिस्टर व्हायचंय? फी भरण्याआधी हे विचारा

लसीकरणाच्या दिवशी उपकेंद्रात भेटते ती सिस्टर बहुतेक एएनएम असते. वलगावात आमच्या गटातल्या बायका पोरींसाठी हाच कोर्स विचारतात.

बारावी पास हवी, कला शाखाही चालते. वय 17 पूर्ण पाहिजे. कोर्स 2 वर्षांचा, त्यातले शेवटचे 6 महिने प्रत्यक्ष कामाचे. मग महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे नोंदणी. ती नसेल तर पांढरा ड्रेस घालूनही पोरगी नर्स ठरत नाही. आमच्यातल्या एकीने बचतीचे पैसे 6 महिन्यांच्या ‘नर्सिंग’ सर्टिफिकेटला भरले; सरकारी भरतीत तो कागद चालला नाही. म्हणून संस्थेला कौन्सिलची मान्यता आहे का, ते आधी कागदावर पाहा. नुसत्या बोर्डावर जाऊ नका.

काम काही सोपं नाही. सपाटीवर साधारण 5000 लोकांमागे एक उपकेंद्र, मेळघाटासारख्या आदिवासी भागात 3000 मागे. गरोदर बाईचं वजन, बीपी, हिमोग्लोबिन, बाळाचे डोस, घरभेटी, आणि ती रजिस्टरं! रात्री कुणाला कळा सुरू झाल्या, तर झोपेतून उठावंच लागतं. पोरीला हे आधीच सांगा.